अखंड किण्वन : टाकी तीच, पण पेशी तीच नव्हे

दह्याचे विरजण घराघरांत वर्षानुवर्षे चालते. कालच्या दह्यातील चमचाभर आजच्या दुधाला लावायचे आणि आजच्यातील उद्याच्या दुधाला. काही महिने असे चालले की दही कधी फार आंबट होऊ लागते, कधी त्याला तार सुटते. मग शेजारून नवे विरजण आणावे लागते. भांडे तेच, दूध तेच, हातही तेच, मग बदलले काय? विरजणातील जंतूंचा मेळ बदलला. काही बाहेरून शिरले, काही घरचेच बदलले. घरात याची किंमत वाटीभर दूध इतकीच असते. हीच गोष्ट लाखभर लिटरच्या टाकीत घडली तर तिची किंमत लाखो रुपयांत मोजावी लागते. या पानावर आज आम्ही हा विषय घेत आहोत तो याचसाठी.

प्रतिजैविके, एन्झाइम, बेकरीचे यीस्ट, सायट्रिक आम्ल, इंधनासाठीचे इथेनॉल, इतकेच नव्हे तर रंगाई कारखान्यांच्या सांडपाण्याचे शुद्धीकरण, ही सर्व कामे सूक्ष्मजीवांकडून करवून घेतली जातात. या उद्योगांत उतरू पाहणाऱ्याला ‘एकदा चालू केले की वर्षभर थांबायचे काम नाही’ असा अखंड पद्धतीचा प्रकल्प विकणारे भेटतात. पद्धत खोटी नाही. पण तिच्यात एक अट दडलेली आहे आणि ती समजून न घेता भांडवल घालणे धोक्याचे आहे. सूक्ष्मजीवशास्त्र शिकणाऱ्या आपल्या मुला-मुलींनाही हा विषय पुस्तकात दोन ओळींत मिळतो. कारखान्यात मात्र त्याच दोन ओळींवर नफा-तोटा ठरतो.

बॅच आणि अखंड, दोन पद्धती

बॅच पद्धत म्हणजे तळणीच्या घाण्यासारखी. टाकी भरायची, निर्जंतुक करायची, बियाणे टाकायचे, वाढ पूर्ण झाली की सारे उपसून टाकी धुवायची आणि पुन्हा भरायची. अखंड पद्धतीत टाकी रिकामी होतच नाही. एका बाजूने ताजे खाद्य ठराविक वेगाने आत येते, दुसऱ्या बाजूने तितकेच तयार द्रव्य पेशींसह बाहेर पडते. टाकीतील पातळी कायम राहते.

या पद्धतीचा शास्त्रशुद्ध पाया १९५० साली घातला गेला. पॅरिसमध्ये झाक मोनो यांनी आणि शिकागोत एरन नोविक व लिओ झिलार्ड यांनी त्याच वर्षी स्वतंत्रपणे तो मांडला. नोविक व झिलार्ड यांनी आपल्या उपकरणाला ‘केमोस्टॅट’ हे नाव दिले. त्याचा मुख्य नियम सोपा आहे. प्रवाह जितका वेगवान, तितक्याच वेगाने पेशींना वाढावे लागते. जी पेशी या वेगाने वाढू शकत नाही, ती वाहून बाहेर जाते.

एक उदाहरण घेऊ. एक लाख लिटरची टाकी आहे आणि दर तासाला १८ हजार लिटर आत येते व तितकेच बाहेर जाते. म्हणजे तासाला ०.१८ भाग बदलतो. ०.६९३ ला ०.१८ ने भागले की पेशी दुप्पट होण्याचा काळ मिळतो, तो येतो ३.८५ तास. लिटरमागे १० ग्रॅम सुका माल असेल तर तासाला १८० किलो आणि दिवसाला ४,३२० किलो माल निघतो. धुण्यात आणि भरण्यात वेळ जात नाही. त्यामुळे त्याच आकाराच्या टाकीतून माल जास्त मिळतो. मालकाला ही पद्धत आवडते यात नवल नाही.

पिढ्यांचे गणित

आता दुसरी बाजू पाहू. बॅच पद्धतीत गोठवून ठेवलेल्या कुपीतील १ मिलिलिटर बियाण्यापासून सुरुवात केली आणि तितक्याच दाटीची एक लाख लिटर टाकी भरली, तर वाढ दहा कोटी पटींची झाली. दोनाचे चार, चाराचे आठ असे करत गेले तर २७ वेळा दुप्पट केल्यावर हा आकडा ओलांडला जातो. म्हणजे पुरी टाकी भरायला २७ पिढ्या पुरतात. माल काढला की पुढच्या बॅचला पुन्हा मूळ कुपीतून सुरुवात करता येते. हिशेब दरवेळी शून्यावर येतो.

अखंड टाकीत हिशेब शून्यावर येत नाही. वरच्या उदाहरणातील टाकीत दिवसाला सव्वासहा पिढ्या होतात, महिन्याला सुमारे १८७ आणि सहा आठवड्यांत २६० च्या वर. पेशी दुप्पट होताना तिच्या जनुकांची नक्कल होते आणि नकलेत क्वचित चूक राहते. एकेका पेशीपुरते पाहिले तर ही चूक अगदी दुर्मिळ असते. पण मिलिलिटरमागे शंभर कोटी जीवाणू असतील तर लाख लिटरच्या टाकीत त्यांची संख्या १ वर १७ शून्ये इतकी भरते. इतक्या गर्दीत जी चूक होऊ शकते, ती कोठे तरी होतेच.

बहुतेक चुका पेशीला घातक किंवा निरुपयोगी असतात. अशा पेशी वाहून जातात किंवा नगण्य राहतात. एखाद्या चुकीमुळे मात्र पेशी त्या टाकीच्या परिस्थितीत थोडी अधिक वेगाने वाढू लागते. समजा ती दहा टक्के अधिक वेगाने वाढते आणि सुरुवातीला दहा लाखांत एकच तशी आहे. दहा टक्के अधिक वेग म्हणजे दर दहा पिढ्यांमागे एक जादा दुप्पट. दहा लाखांची बरोबरी करायला अशा वीस दुप्पट लागतात. म्हणजे २०० पिढ्यांत नवी पेशी आणि जुनी पेशी निम्म्या-निम्म्या होतात. आपल्या टाकीत हा काळ सुमारे ३२ दिवसांचा. त्यानंतर आणखी ४० पिढ्यांत, म्हणजे साडेसहा दिवसांत, टाकीतील शंभरातील ९४ पेशी नव्या वाणाच्या झालेल्या असतात.

या गणितातील एक गोष्ट आम्ही वाचकांना मुद्दाम दाखवू इच्छितो. सोळाव्या दिवशी, निम्मा काळ संपल्यावर, नवी पेशी हजारात फक्त एक असते. तोवर मालात काहीच फरक दिसत नाही. पर्यवेक्षक नोंदवहीत ‘सर्व ठीक’ असे लिहितो आणि ते खरेही असते. मग चौथ्या-पाचव्या आठवड्यात बघता बघता माल बदलतो. लोक पंपाला, खाद्याला, पाण्याला, कामगाराला दोष देऊ लागतात. पण कारण महिनाभर आधीच टाकीत जन्मलेले असते.

जुळवून घेण्याचे दोन प्रकार

येथे एक भेद नीट समजून घ्यावा लागतो. थंडी पडली की माणूस शाल पांघरतो, ऊन पडले की काढून ठेवतो. पेशीही असेच करते. खाद्य बदलले, तापमान बदलले की ती काही जनुके चालू करते, काही बंद करते. काही तासांत ती सावरते आणि परिस्थिती पूर्ववत झाली की तीही पूर्ववत होते. हे शरीरक्रियेचे जुळवून घेणे. दुसरा प्रकार जनुकातील बदलाचा. तो पिढीकडून पिढीकडे जातो आणि परिस्थिती पूर्ववत झाली तरी मागे फिरत नाही.

दोन्ही ओळखण्याची कसोटी सरळ आहे. टाकीतील पेशी बाहेर काढावी, मूळ खाद्यावर व मूळ तापमानात काही पिढ्या वाढवावी आणि मग मूळ वाणाशी ताडून पाहावी. फरक नाहीसा झाला तर तो पहिला प्रकार. मग टाकीची परिस्थिती सुधारली की काम भागते. फरक टिकून राहिला तर तो दुसरा प्रकार. अशा वेळी कितीही खाद्य सुधारले तरी उपयोग नसतो, बियाणेच बदलावे लागते. ही कसोटी न लावता उपाय करणे म्हणजे रोग न पाहता औषध देणे होय.

अखंड टाकीत पेशी प्रामुख्याने कशाशी जुळवून घेते? ज्या खाद्याची टंचाई असते त्याच्याशी. केमोस्टॅटमध्ये एक घटक जाणूनबुजून कमी ठेवलेला असतो आणि त्यासाठी चढाओढ चालते. १९६० च्या दशकाच्या आरंभी नोविक आणि होरिउची यांनी जीवाणूंना लॅक्टोज ही दुधातील साखर तुटपुंजी देऊन वाढवले. काही काळाने लॅक्टोज फोडणारे एन्झाइम मूळच्यापेक्षा कितीतरी अधिक बनवणारे वाण टाकीत पुढे आले. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात यीस्टला तुटपुंज्या ग्लुकोजवर ४५० पिढ्या वाढवले होते. त्यातील पेशींमध्ये साखर आत ओढणाऱ्या जनुकाच्या जादा प्रती तयार झालेल्या आढळल्या. दुसरी एक युक्तीही जंतू वापरतात. ते टाकीच्या भिंतीला चिकटून बसतात. भिंतीवरची पेशी वाहून जात नाही, त्यामुळे प्रवाहाचा नियम तिला लागू पडत नाही.

क्वॉर्नची हकिकत

कारखान्यातील सर्वांत चांगले अभ्यासलेले उदाहरण इंग्लंडचे आहे. १९६० च्या दशकात जगात प्रथिनांचा तुटवडा पडेल अशी भीती होती. त्या वेळी रँक होविस मॅकडूगल या पीठ व पाव बनवणाऱ्या कंपनीने पिष्टापासून प्रथिनयुक्त अन्न बनवणाऱ्या बुरशीचा शोध सुरू केला. ठिकठिकाणच्या मातीचे तीन हजारांवर नमुने तपासले गेले. शेवटी पसंत पडलेली बुरशी मात्र इंग्लंडमध्येच, बकिंगहॅमशायरमधील मार्लो गावच्या मातीत सापडली. ती फ्युझेरियम वर्गातील असून तिच्या वाणाला ‘ए ३/५’ असे नाव आहे. १९९८ मध्ये तिची जात फ्युझेरियम व्हेनेनेटम अशी निश्चित झाली.

दीर्घ तपासण्यांनंतर १९८५ मध्ये हे अन्न ‘क्वॉर्न’ नावाने विक्रीस आले. त्याचे उत्पादन ईशान्य इंग्लंडमधील बिलिंगहॅम येथे होते. तेथे आयसीआय या रसायन कंपनीकडे हवेच्या जोरावर द्रव फिरवणाऱ्या उंच टाक्यांचा अनुभव होता, तो उपयोगी पडला. पुढे बांधलेल्या टाक्या सुमारे ५० मीटर उंच आणि १ लाख ५५ हजार लिटरच्या आहेत. ग्लुकोज, अमोनिया व क्षार यांवर, २८ ते ३० अंश तापमानात ही बुरशी अखंड प्रवाहात वाढवतात. बाहेर पडलेल्या मालाला उष्णता देऊन त्यातील आरएनए हा घटक कमी करतात, कारण तो जास्त झाल्यास शरीरात युरिक आम्ल वाढते.

या मालाची सारी किंमत त्याच्या तंतूंत आहे. बुरशीचे तंतू लांब आणि विरळ फांद्यांचे असले तरच मालाला मांसासारखा पोत येतो. अडचण येथेच उभी राहिली. अखंड प्रवाह सुरू होऊन काही शे तास लोटले की टाकीत आखूड आणि दाट फांद्यांचे वाण दिसू लागतात. बशीत वाढवल्यास त्यांची वसाहत लहान व घट्ट दिसते. हे बाहेरून शिरलेले जंतू नव्हेत, ‘ए ३/५’ चीच ती बदललेली लेकरे. ती विषारी नाहीत, त्यांतील प्रथिनही कमी नाही. पण ती मूळ वाणाला मागे टाकतात आणि माल भुसभुशीत होतो. ग्राहक ज्या पोतासाठी पैसे देतो, तोच जातो.

म्हणून वर्षभर चालू शकणारी ही टाकी साधारण हजार तासांच्या, म्हणजे सहा आठवड्यांच्या आतबाहेर थांबवावी लागते. ती धुऊन, निर्जंतुक करून, पुन्हा मूळ बियाण्यापासून फेरी सुरू होते. वर आम्ही केलेल्या गणिताशी हा काळ कसा जुळतो हे वाचकांच्या ध्यानी आले असेल.

मँचेस्टर विद्यापीठातील अँथनी ट्रिंची, मॅरिलिन विबी, जेफ्री रॉबसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात या प्रश्नाचा कसून अभ्यास केला. प्रवाह मंद ठेवला, आम्लता एकाच आकड्यावर न ठेवता खाली-वर केली, टंचाईचा घटक बदलला, की दाट फांद्यांचे वाण उशिरा वरचढ होतात असे त्यांना आढळले. हा बदल मूळ जनुकापुढे दबून राहणारा असल्याने जनुकांचा दुहेरी संच असलेले वाण वापरण्याचा मार्गही त्यांनी तपासला. तसेच विरळ फांद्यांचेच, पण अधिक सक्षम असे वाण टाकीतून वेचून काढता येतात हेही दिसले. या सर्व उपायांचा सारांश इतकाच की बदल लांबवता येतो, त्याला कायमची बंदी घालता येत नाही.

मालकाचा फायदा आणि पेशीचा फायदा

क्वॉर्नमध्ये मालाचा केवळ पोत बिघडतो. पेनिसिलीनसारख्या औषधात गोष्ट याहून कठीण होते. पेनिसिलीन बनवण्यात पेशीची शक्ती खर्च होते, पण टाकीच्या सुरक्षित वातावरणात तिला त्याचा काही उपयोग नसतो. कारखान्यातील वाणांत पेनिसिलीन बनवणाऱ्या जनुकसमूहाच्या अनेक प्रती असतात, कारण माणसाने जास्त पेनिसिलीन देणारेच वाण वेचले. असे वाण अखंड प्रवाहात सोडले की जी पेशी पेनिसिलीन बनवण्यात आळस करते, तिच्याजवळ वाढीसाठी शक्ती उरते. ती पुढे जाते. प्रयोगशाळेत तपासले असता पिढ्यांगणिक पेनिसिलीनचे उत्पादन घटत गेलेले दिसते. टाकी पेशींनी भरलेली असते, पण औषध नसते. प्रतिजैविकांचे कारखाने मुख्यतः थोडे थोडे खाद्य देत चालवलेल्या बॅच पद्धतीवरच राहिले, त्यामागे हे एक मोठे कारण आहे.

याच्या अगदी उलट उदाहरण सांडपाण्याचे. मँचेस्टरमध्ये १९१४ साली आर्डर्न आणि लॉकेट यांनी हवा देऊन, जिवंत गाळ पुन्हा पुन्हा वापरून सांडपाणी शुद्ध करण्याची रीत मांडली. आपल्याकडे कापड रंगाईच्या व औषधांच्या कारखान्यांना जोडलेल्या शुद्धीकरण केंद्रांत याच रीतीच्या टाक्या दिसतात. हीसुद्धा अखंड किण्वनाचीच टाकी. येथे मालकाला हवे काय? घाण खाल्ली जावी. पेशीला हवे काय? तेच. त्यामुळे नव्या सांडपाण्यावर गाळ काही आठवडे ‘रुळवला’ की घाण खाणारे जंतू वाढतात, न खाणारे मागे पडतात आणि काम सुधारते. मात्र रुळलेला गाळ रोजच्या घाणीला रुळलेला असतो. एखाद्या रात्री अचानक वेगळेच रसायन किंवा तीव्र आम्ल सोडले तर आठवड्यांची मेहनत एका पाळीत वाया जाते. रंगाईचा धंदा करणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

ब्राझीलमधील इंधन-इथेनॉलच्या कारखान्यांचा अनुभवही असाच आहे. तेथे एका घाण्यातील यीस्ट आम्लाच्या पाण्याने धुऊन पुढच्या घाण्यात वापरतात आणि हे चक्र उसाच्या सबंध हंगामभर चालते. हंगामाच्या आरंभी विकत आणलेले बेकरीचे यीस्ट घातले तरी काही आठवड्यांत त्याची जागा उसाबरोबर येणारे रानटी यीस्ट घेते, असे गुणसूत्रांच्या तपासणीतून दिसून आले. त्यांतील बहुतेक रानटी वाण फेस व गाळ करणारे, नुकसानकारक निघाले. पण तेथील अभ्यासकांनी वर्षानुवर्षे नमुने तपासून, टिकाऊ आणि भरपूर उत्पादन देणारे थोडे वाण वेचले. ‘पीई-२’ आणि ‘कॅट-१’ हे असे १९९० च्या दशकात वेचलेले वाण पुढे तेथील अनेक कारखान्यांनी स्वीकारले. टाकीने जे निवडले, त्यातून माणसाने पुन्हा निवड केली. महाराष्ट्रातील साखर कारखान्यांना जोडून मळीपासून इथेनॉल बनवणारे प्रकल्प आहेत. त्यांतील तरुण रसायनतज्ज्ञांना हा धडा उपयोगी आहे.

या तिन्ही उदाहरणांतून एकच नियम निघतो. पेशी मालकाशी जुळवून घेत नाही, टाकीशी जुळवून घेते. जेथे मालकाला हवे तेच पेशीच्या वाढीचे साधन आहे, तेथे अखंड पद्धत काळाबरोबर सुधारते. जेथे मालकाला हवी असलेली वस्तू पेशीवर ओझे आहे, तेथे ती काळाबरोबर बिघडते. आणि जेथे पेशीला त्या वस्तूचे सोयरसुतक नाही, तेथे काय होईल हे नमुने तपासल्याशिवाय सांगता येत नाही.

अभ्यास कसा करतात

या अभ्यासाचा पाया म्हणजे गोठवलेले नमुने. अमेरिकेत रिचर्ड लेन्स्की यांनी १९८८ मध्ये एकाच जीवाणूच्या बारा वसाहती सुरू केल्या आणि दर ५०० पिढ्यांनी त्यांचे नमुने गोठवून ठेवले. तो प्रयोग आजही चालू असून ७५ हजारांवर पिढ्या झाल्या आहेत. त्यात टाकी नव्हे, रोज थोडे बियाणे नव्या बाटलीत घालण्याची पद्धत आहे. पण त्यातून शिकण्यासारखी गोष्ट ही की गोठवलेला पूर्वज पुन्हा जिवंत करता येतो. पूर्वज आणि वंशज समसमान मिसळून एकाच भांड्यात वाढवायचे, ठराविक वेळाने मोजणी करायची आणि कोण पुढे जातो ते पाहायचे. कोणत्या वाणाला किती टक्के बळ मिळाले, याचा आकडा यातून मिळतो.

दुसरी पद्धत खुणेची. टाकीत एखाद्या विषाला दाद न देणाऱ्या पेशी आपोआप थोड्या थोड्या निर्माण होत असतात. त्या टाकीत विष नसते, म्हणून या गुणाचा पेशीला फायदाही नाही, तोटाही नाही. त्यांची संख्या हळूहळू वाढत जाते. एखादा नवा बलवान वाण टाकी काबीज करू लागला की ही संख्या एकदम घसरते, कारण नवा वाण बहुधा ही खूण नसलेल्या पेशीतून जन्मलेला असतो. या चढ-उतारावरून टाकीत किती वेळा सत्तांतर झाले ते मोजता येते. मँचेस्टरच्या अभ्यासकांनी क्वॉर्नच्या बुरशीसाठी ही रीत वापरली होती.

तिसरी पद्धत आता स्वस्त होत चाललेली, सबंध जनुकसंचाच्या वाचनाची. गोठवलेल्या नमुन्यांची अक्षरे ओळीने वाचून कोणता बदल कधी शिरला ते सांगता येते. पण ज्याने नमुनेच ठेवले नाहीत, त्याला हे यंत्रही काही सांगू शकत नाही. साधा सूक्ष्मदर्शक, बशीवरील वसाहतींची मोजणी आणि तारीख घातलेल्या कुप्या, इतक्या भांडवलावर बरेच काही कळते.

उद्योजकांनी काय विचारावे

अखंड पद्धतीचा प्रकल्प दाखवणाऱ्याला आमच्या वाचकांनी पुढील प्रश्न विचारावेत, असे आम्हास वाटते.

१. ही टाकी किती दिवस नव्हे, किती पिढ्या चालवून पाहिली आहे? मंद प्रवाहाचे तीस दिवस आणि वेगवान प्रवाहाचे तीस दिवस सारखे नव्हेत.

२. त्या पिढ्यांत मालाचे उत्पादन आणि गुण कायम राहिले याच्या तारीखवार नोंदी आहेत काय?

३. मूळ बियाण्याच्या गोठवलेल्या कुप्या किती आहेत, कोठे आहेत आणि एक संच दुसऱ्या जागी सुरक्षित ठेवला आहे काय?

४. माल बिघडल्यास तो परक्या जंतूमुळे की बदललेल्या घरच्या पेशीमुळे, हे ओळखण्याची सोय आहे काय? पहिल्यावर उपाय स्वच्छतेचा, दुसऱ्यावर बियाणे बदलण्याचा. दोहोंची गल्लत झाली तर खर्च दुप्पट होतो.

५. फेरी थांबवण्याचा दिवस आधी ठरलेला आहे काय? थांबण्याचा खर्च नफ्याच्या हिशेबात धरला आहे काय?

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. वर्षाचे ३६५ दिवस माल निघेल असे धरून केलेला ताळेबंद आणि दर सहा आठवड्यांनी तीन-चार दिवस टाकी बंद राहील असे धरून केलेला ताळेबंद यांत मोठी तफावत असते. वर्षात अशा आठ फेऱ्या धरल्या तर पंचवीस-तीस दिवस उत्पादन नाही. ही तूट सोसूनही धंदा नफ्यात राहत असेल तरच त्यात हात घालावा. नसेल तर बॅच पद्धत सावकाश वाटली तरी तीच खात्रीची.

बियाण्याच्या बाबतीत कोणाकडून तरी बाटली आणून काम सुरू करणे टाळावे. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. चंदीगडलाही असाच मोठा संग्रह आहे. अशा संग्रहांतून ओळख पटलेले वाण मागवता येतात. वाण हाती आले की पहिल्याच आठवड्यात त्याच्या भरपूर कुप्या गोठवून घ्याव्यात. रोजच्या कामासाठी वेगळा संच ठेवावा आणि मूळ संचाला विनाकारण हात लावू नये.

विद्यार्थ्यांना आमचे सांगणे असे की या विषयात गणित, जीवशास्त्र आणि यंत्रशास्त्र तिन्ही लागतात. त्यामुळे तिन्ही जाणणारा माणूस कारखान्याला हवा असतो. पंप चालवणारे पुष्कळ मिळतात. पण सोळाव्या दिवशी, माल उत्तम असताना, हजारातील ती एक वेगळी वसाहत ओळखून ‘ही फेरी अमुक तारखेला थांबवा’ असे पुराव्यानिशी सांगणारा मिळणे कठीण. ज्याला ते सांगता येते आणि ज्या मालकाला ते ऐकण्याइतका धीर आहे, त्या दोघांचा धंदा टिकतो.